हीट ट्रीटमेंटनंतरचा बाक काढायला २५ टनी प्रेस: टन नंतर बघा, आधी रॅमची चाल बघा

हीट ट्रीटमेंटहून (स्टील तापवून-थंड करून कठीण करण्याच्या प्रक्रियेतून) परत आलेला शाफ्ट सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार आधारांमध्ये, धरून फिरवला, की डायलची (बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाची) सुई कुठवर जाते त्यावर पुढचं सगळं ग्राइंडिंग ठरतं. सुई फार हलली की छोटा कारखानदार पहिल्यांदा ज्या यंत्राचं कोटेशन मागवतो ते म्हणजे २५ टनी सी-फ्रेम हायड्रॉलिक प्रेस: इंग्रजी सी आकाराच्या फ्रेममध्ये तेलाच्या दाबाने रॅम, म्हणजे दाबणारा दांडा, खाली आणणारं यंत्र. हा रिव्ह्यू त्या यंत्राचा आहे. कोणा एका कंपनीच्या मॉडेलचा नाही, तर बहुतेक कोटेशनमध्ये दिसणाऱ्या बांधणीचा: १२५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर, २०० बार प्रेशर, ५ एचपी मोटर, मिनिटाला १० लिटरचा पंप आणि शेवटच्या ओळीत ‘सोबत स्ट्रेटनिंग बेंच’.

बेअरिंग दाबायला, बुश बसवायला, पिन काढायला हे यंत्र उत्तम आहे. दणकट आहे, देखभाल कमी लागते, सील कुठेही मिळतात. पण बाक काढण्यासाठी ते आहे तसं घेतलं तर जॉब (हातात घेतलेला भाग) सरळ होण्याऐवजी क्रॅक व्हायची तयारी होते. तीन ठिकाणी बदल करून घेतले तर मात्र हेच यंत्र वर्षानुवर्षं चांगलं काम देतं. ते बदल कोणते आणि कशासाठी, हेच इथे आकड्यांसकट मांडलं आहे.

बाक येतो कुठून

थोडक्यात सांगतो, कारण प्रेसकडून काय अपेक्षा ठेवायची ते यावरून ठरतं. टर्निंग-मिलिंगमध्ये जॉबच्या अंगात अडकलेले ताण गरम होताच सुटतात. लांब जॉब फर्नेसमध्ये आडवा ठेवला तर तो लाल असताना स्वतःच्या वजनाने झोल खातो. क्वेंचिंगमध्ये, म्हणजे तापलेला जॉब झटकन थंड करताना, एक बाजू आधी थंड होते. आणि तापलेल्या स्टीलमधल्या ऑस्टेनाइट या रचनेचं मार्टेन्साइट ही कठीण रचना होताना आकारमान सुमारे ४ टक्के वाढतं. ही वाढ सगळ्या अंगात एकाच वेळी झाली नाही की जॉब वळतो.

यातला वाकडेपणा प्रेस काढू शकते. लांबी वाढली, बोअर आवळला, रिंग फुगली, तर ते मापातले बदल आहेत, आणि त्यावर प्रेसकडे काहीही इलाज नाही. रिंगची ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) काही प्रमाणात दाबून निघते, पण ते वेगळं फिक्स्चर आणि वेगळी कला आहे.

रॅमचा वेग: सगळ्यात मोठी उणीव

एक उदाहरण घेऊ. ३० मिमी व्यासाचा ईएन १९ या मिश्र स्टीलचा शाफ्ट, हार्डन-टेम्पर केलेला (कठीण करून मग बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केलेला), यील्ड, म्हणजे ज्या ताणापुढे स्टील कायमचं वाकतं तो, ७०० मेगापास्कलच्या आसपास. व्ही-ब्लॉकमधलं (जॉब टेकवायच्या, व्ही खाचेच्या दोन ठोकळ्यांमधलं) अंतर ३०० मिमी. मधोमध दाब दिला तर सुमारे २.५ टनांपर्यंत शाफ्ट फक्त स्प्रिंगसारखा वाकतो आणि सोडला की जसाच्या तसा परत येतो. त्या क्षणी तो किती खाली गेलेला असतो? साधारण १.७ मिमी. म्हणजे पहिला १.७ मिमी दाब फुकट. त्यानंतरचेही पहिले काही दशांश फारसं काही मागे ठेवत नाहीत, कारण आधी फक्त वरचा आणि खालचा थर यील्ड होतो. संपूर्ण छेद यील्ड व्हायला लोड जवळपास १.७ पट लागतो, म्हणजे सव्वाचार टन. आपलं काम या दोन आकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत असतं.

आता यंत्राकडे बघा. १२५ मिमी बोअरमध्ये मिनिटाला १० लिटर तेल गेलं तर रॅम सेकंदाला १३.६ मिमी खाली येतो. म्हणजे स्प्रिंगचा सगळा टप्पा सेकंदाच्या आठव्या हिश्शात पार! एवढ्या वेळात लिव्हर सोडणं माणसाच्या हाताला शक्य नाही. कारागीर कितीही तरबेज असो, या वेगाने तो अंदाजानेच दाबतो, जास्त दाबला जातो, मग उलटा करून पुन्हा दाबतो. हा उलट-सुलट खेळच जॉबच्या मुळावर येतो. एकदा एका दिशेने यील्ड झालेलं स्टील उलट दिशेला कमी लोडवर यील्ड होतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी आधीचा अंदाज लागू पडत नाही आणि जॉब पुन्हा पलीकडे जातो.

म्हणून ऑर्डर देतानाच सांगा: दाबताना रॅमचा वेग सेकंदाला १ ते ३ मिमी हवा. १२५ च्या बोअरला त्यासाठी मिनिटाला साधारण २ लिटर तेल पुरतं. साधा उपाय म्हणजे प्रेशर लाइनवर चांगला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह. त्याहून बरा उपाय म्हणजे दोन टप्प्यांचा पंप: रॅम खाली येताना वेगाने येतो, जॉबला टेकला की मोठा पंप सुटतो आणि छोटा पंप संथपणे दाबतो. नुसत्या फ्लो कंट्रोलवर बाकीचं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत जातं आणि तेल तापतं. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत ते पातळ होऊन रॅमची चाल सकाळपेक्षा वेगळी लागते. दोन टप्प्यांच्या पंपाला थोडे जास्त पैसे पडतात, पण तिथे हात आखडता घेऊ नका.

फूट स्विच आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह या कामाला नको. पायाने ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच सांगता येतं. हँड लिव्हरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडता येतो, त्यातून तेल कसं जातंय ते हाताला कळतं. बाक काढणाऱ्याचं अर्धं कौशल्य त्या लिव्हरवरच्या मनगटात असतं.

आणखी एक स्वस्त पण अमूल्य गोष्ट: रॅमवर आटे पाडून त्यावर बसवलेला स्टॉपर नट. रॅम ठरलेल्या खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. एकाच प्रकारचे दोनशे शाफ्ट सरळ करायचे असतील तर हा नट म्हणजे निम्मी मेहनत वाचली असं समजा.

गेज: २५ टन म्हणजे लहान जॉबला आंधळेपणा

वरच्याच शाफ्टला लागणारा अडीच ते सव्वाचार टन लोड १२५ च्या बोअरवर म्हणजे फक्त २० ते ३४ बार. सोबत येणारं गेज ० ते २५० किंवा ० ते ४०० बारचं असतं. सुई पहिल्या कोपऱ्यातून जेमतेम हलते, आणि एक रेघ इकडेतिकडे झाली तरी अर्ध्या टनाचा फरक पडतो. त्यामुळे यंत्र एवढं मोठं असूनही कारागिराला लोड दिसतच नाही.

तुमचे जॉब २० ते ४० मिमी व्यासाचे असतील तर २५ टन घेऊच नका. ८० मिमी बोअरची १० टनी प्रेस घ्या. तिच्यावर हाच शाफ्ट ४९ ते ८४ बारमध्ये बसतो, सुई गेजच्या कोपऱ्यातून बाहेर येऊन चालते आणि यील्ड सुरू झाल्यावर तिची चढण मंदावते ते डोळ्यांना दिसतं. तो क्षण दिसणं फार महत्त्वाचं आहे. रॅम खाली जातोय पण प्रेशर पूर्वीसारखं वाढत नाही, याचा अर्थ आता जॉब खरोखर वाकतोय.

६० मिमीचा शाफ्ट, तेच स्टील, ४०० मिमी अंतर, असं असेल तर यील्डलाच सुमारे १५ टन लागतात आणि पूर्ण छेदाला २५ च्या वर. तिथे २५ टनी प्रेस हवीच, किंबहुना व्ही-ब्लॉक आणखी लांब ठेवावे लागतील. दोन्ही प्रकारचे जॉब असतील आणि एकच प्रेस परवडत असेल तर २५ टनीवर दुसरं, ० ते ६० बारचं गेज आयसोलेटर व्हॉल्व्हसह बसवून घ्या. लहान जॉब लावताना रिलीफ व्हॉल्व्ह ५० बारच्या आत आणून ठेवायचा आणि मगच छोटं गेज उघडायचं. मोठा जॉब लावताना आधी छोटं गेज बंद. हा क्रम चुकला की गेज कामातून गेलं.

बेंच: कोटेशनची शेवटची ओळ, कामाची पहिली

बाक काढणं हे दाबण्यापेक्षा मोजण्याचं काम आहे, आणि इथेच स्वस्त यंत्रं सगळ्यात जास्त मार खातात. कोटेशनमधलं ‘स्ट्रेटनिंग बेंच’ म्हणजे अनेकदा एका चॅनेलवर वेल्ड केलेले दोन सेंटर. त्यात जॉब लावून तिथेच दाबला तर सगळा लोड सेंटरच्या टोकांवर येतो. सेंटरची टोकं बसतात, जॉबचे सेंटर होल फाटतात, आणि नंतर ग्राइंडिंगवाला म्हणतो की रनआउट (फिरवताना डायलवर दिसणारा फरक) रोज वेगळा येतो.

खरा बेंच असा असतो: दोन्ही सेंटर स्प्रिंगवर तरंगणारे, कार्बाइड टोकाचे, जॉबला व्ही-ब्लॉकपासून १ ते २ मिमी वर उचलून धरणारे. जॉब फिरवायचा, डायलवर वाचायचा, रॅम खाली आला की स्प्रिंग दबते, जॉब व्ही-ब्लॉकवर बसतो आणि लोड तिथेच जातो. रॅम वर गेला की जॉब पुन्हा उचलला जातो आणि लगेच मोजता येतो. सगळा बेंच रॅमच्या खालून रुळांवर डावी-उजवीकडे सरकला पाहिजे, म्हणजे कमानीचा उंच भाग जिथे असेल तो बरोबर रॅमखाली आणता येतो.

डायलचा स्टँड कुठे बसवलाय ते नीट बघा. सी-फ्रेमचं तोंड लोडखाली थोडं उघडतं, ही त्या आकाराची प्रकृतीच आहे. डायल फ्रेमच्या वरच्या जबड्याला लावलेला असेल तर दाबताना तो फ्रेमचं उघडणंही जॉबच्या वाकण्यात धरतो. डायल बेंचच्याच बेडवर हवा. ०.०१ मिमीचा, १० मिमी चालीचा साधा प्लंजर डायल पुरतो. स्केल (तापल्याने धरलेली खपली) असलेल्या पृष्ठभागावर टोकदार संपर्काऐवजी चपटा किंवा रोलरचा संपर्क लावा.

व्ही-ब्लॉक ९० अंशांचे, आणि त्यात ३-४ मिमी जाड पितळी किंवा तांब्याची पट्टी. रॅमच्या नाकालाही पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं पॅड. नाहीतर बाक जातो आणि डाग राहतो.

या यंत्रावर काम कसं करायचं

पहिलं काम जॉबचे सेंटर होल साफ करण्याचं. हीट ट्रीटमेंटनंतर त्यात स्केल किंवा सॉल्ट साचलेलं असतं. ते तसंच ठेवून मोजलं तर नसलेला बाक दिसतो आणि सरळ जॉब वाकडा करून ठेवला जातो. जॉब पूर्ण थंड, खोलीच्या तापमानाला असला पाहिजे. कोमट जॉब मोजून काढलेला निष्कर्ष तासाभरात खोटा ठरतो.

मग लांबीवर किमान तीन, लांब जॉबला पाच ठिकाणी डायल लावून फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी उंच बाजू खडूने खुणा. सगळ्या खुणा एका रेषेत आल्या तर साधी कमान आहे. लांबीच्या एका अर्ध्या भागातल्या खुणा एका बाजूला आणि दुसऱ्या अर्ध्या भागातल्या विरुद्ध बाजूला आल्या तर एस-आकाराचा बाक आहे. तो दोन वेगवेगळ्या दाबांनी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी काढावा लागतो. सुई एका फेऱ्यात दोनदा वर-खाली झाली तर तो बाक नाही, ओव्हॅलिटी आहे. तिथे रॅमला हातच लावू नका.

डायलवरचा फरक म्हणजे बाक नव्हे. सुई ०.४० फिरली तर बाक त्याच्या निम्मा, ०.२०. नवखा माणूस ०.४० काढायला जातो आणि जॉब पलीकडे नेतो.

उंच बाजू वर करून जॉब रॅमखाली घ्या. व्ही-ब्लॉक जेवढे लांब ठेवता येतील तेवढे ठेवा. यामागे कारण आहे. ३० मिमीच्या शाफ्टवर ३०० मिमी अंतरात ३ मिमी दाब दिला तर खालची कातडी जवळपास ०.६ टक्के ताणली जाते. तोच ३ मिमी दाब २०० मिमी अंतरात दिला तर ताणणं सव्वादोन पट, १.३५ टक्क्यांच्या घरात जातं. क्रॅक त्या कातडीवरच सुरू होतो. रॅम कीवे (चावीची खाच), ऑइल होल, अंडरकट (आत कोरलेली खोबण), आटे किंवा फिलेटच्या (कोपऱ्यातल्या गोलाईच्या) बरोबर समोर येऊ देऊ नका, कारण दाबाच्या बरोबर विरुद्ध बाजूला ताण सगळ्यात जास्त असतो. दोन-पाच मिमी बाजूला सरकवून दाबलं तरी काम होतं.

आधी हिशोबातल्या स्प्रिंगच्या टप्प्याएवढा दाब द्या, सोडा, मोजा. मग प्रत्येक वेळी ०.२ मिमी वाढवत जा. दर वेळी मोजायचंच. फरक दिसायला लागला की वाढ ०.१ वर आणा. लक्ष्य शून्य ठेवू नका; ग्राइंडिंगला जेवढा चालतो तेवढ्यावर थांबा. ०.०८ चालत असताना ०.०२ साठी आणखी तीन दाब देणं म्हणजे क्रॅकला आमंत्रण.

काम झाल्यावर टेम्परिंगच्या तापमानाच्या २५-३० अंश खाली स्ट्रेस रिलीव्ह करा, म्हणजे तापवून अडकलेले ताण सोडवा. ५५० ला टेम्पर केलेला ईएन १९ असेल तर ५२० ला. १८० ला टेम्पर केलेला केस हार्डन (फक्त वरची कातडी, म्हणजे केस, कठीण केलेला) जॉब असेल तर १५०-१६० ला दोन तास. हे न करता जॉब ग्राइंडिंगला दिला तर दाबून अडकवलेले ताण ग्राइंडिंगमध्ये सुटतात आणि बाकाचा काही भाग परत येतो. मग दोष ग्राइंडरच्या माथी जातो, जो त्याचा नसतो. स्ट्रेस रिलीव्हनंतर थंड करून पुन्हा एकदा डायल लावा.

केस हार्डन जॉब: इथे हात जपून

कार्ब्युराइज केलेला (कातडीत कार्बन मुरवलेला) २० एमएन सीआर ५ किंवा ईएन ३५३ या स्टीलचा शाफ्ट, वर ५८ ते ६२ एचआरसी (कठीणपणाचं माप) आणि आत मऊ गाभा. गाभा वाकतो, पण वरची कातडी वाकत नाही, ती सहन करते तोवर करते आणि मग फुटते. टेम्परिंग न करता असा जॉब कधीही दाबू नये, एवढा नियम तरी पाळाच.

मग दाबायचाच कशाला, ग्राइंडिंगमध्ये काढून टाकू, असा विचार येतो. आकडे बघा. केस ०.९ मिमी, ग्राइंडिंग अलाउन्स (ग्राइंडिंगसाठी राखलेला जादा थर) प्रत्येक बाजूला ०.२५, बाक ०.२० म्हणजे डायलवर ०.४०. न दाबता ग्राइंड केलं तर उंच बाजूने ०.४५ जातं आणि खालच्या बाजूने ०.०५. उरलेली केस एका बाजूला ०.४५, दुसऱ्या बाजूला ०.८५. शाफ्ट दिसायला चकचकीत, मापात बरोबर, हार्डनेसही लागतो, पण एका बाजूची केस निम्मी. म्हणून बाक काढावाच लागतो, फक्त हळू आणि कमीत कमी दाबांत.

दाबताना ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर थांबा. तो जॉब बाजूला काढा, त्यावर लाल खूण करा आणि एमपीआयला (चुंबकीय कणांनी क्रॅक शोधण्याच्या तपासणीला) पाठवा. डोळ्याला क्रॅक दिसत नाही म्हणून तो चांगल्या ढिगात जाता कामा नये. खरं तर दाबलेल्या प्रत्येक केस हार्डन जॉबची एमपीआय व्हायला हवी. मोठ्या कारखान्यांतल्या ऑटोमॅटिक स्ट्रेटनिंग मशीनवर आवाजाच्या लहरी पकडणारा सेन्सर असतो, तो हेच काम जागच्या जागी करतो. आपल्या साध्या प्रेसवर तो सेन्सर म्हणजे कारागिराचा कान. त्यामुळे शेजारी ग्राइंडर किंवा कंप्रेसर चालू असलेल्या कोपऱ्यात ही प्रेस ठेवू नका.

आणि समोर गार्ड हवाच. कठीण शाफ्ट मोडतो तेव्हा तुकडा खाली पडत नाही, उडतो. जाड पॉलिकार्बोनेटची सरकती पाटी आणि चष्मा यांच्याशिवाय रॅम खाली आणायचा नाही. बहुतेक कोटेशनमध्ये हा गार्ड नसतो. मागून घ्या.

जे या प्रेसच्या हातचं नाही

डी२ या टूल स्टीलची पातळ प्लेट, ६० एचआरसी, पाव मिलिमीटर बाक: प्रेसखाली धरली तर दोन तुकडे. तिच्यासाठी रस्ता वेगळा आहे. एअर हार्डन होणारं (हवेत थंड होऊनच कठीण होणारं) हे स्टील क्वेंचमधून उतरताना साधारण २०० अंशांपर्यंत ऑस्टेनाइटच असतं आणि तोवर ते मऊ, ऐकणारं असतं. त्या वेळात दोन जाड सपाट प्लेटांमध्ये दाबून धरली तर पुष्कळसा बाक तिथेच निघतो. तो वेळ हुकला तर टेम्परिंगमध्ये दुसरी संधी मिळते: २५ मिमी जाड प्लेटांत सी-क्लॅम्पने आवळायची, पोकळ बाजूकडून शिम (पातळ पट्ट्या) देऊन बाकाएवढीच उलट वाकवायची, आणि त्याच अवस्थेत टेम्परिंग करून क्लॅम्पमध्येच थंड करायची. ५०० अंशांच्या वरच्या टेम्परिंगमध्ये हे चांगलं साधतं. २०० च्या टेम्परिंगमध्ये कमी, तिथे दोन-तीन फेऱ्या लागतात.

पूर्ण कठीण झालेल्या पट्टीला पीनिंग हा जुना मार्ग आहे. कार्बाइड टोकाच्या हलक्या हातोडीने पोकळ बाजूवर जवळजवळ बारीक ठोके द्यायचे. प्रत्येक ठोका तिथली कातडी किंचित पसरवतो, ती बाजू लांबते आणि पट्टी सरळ होते. फुगीर बाजूवर ठोकलं तर बाक वाढतो. ही चूक वरचेवर होते. ठोक्यांच्या खुणा राहतात, म्हणून ग्राइंडिंग अलाउन्स असलेल्या बाजूवरच करावं.

गॅस टॉर्चने फुगीर बाजूवर ठिपका तापवून सरळ करण्याची युक्ती मऊ स्ट्रक्चरल कामात ठीक आहे. हार्डन जॉबवर तो ठिपका टेम्परिंगच्या वर गेला की हार्डनेस संपला. नको.

प्रेस घ्यावी की जॉबवर्कला द्यावं

महिन्याला मोजकेच जॉब असतील तर प्रेस घेऊ नका. हीट ट्रीटमेंटवाल्याकडेच स्ट्रेटनिंग करून घ्या. पण चलनावर नुसतं ‘स्ट्रेटनिंगसह’ लिहून भागत नाही. दाबण्याआधीचा आणि नंतरचा रनआउट प्रत्येक जॉबचा, नंतर स्ट्रेस रिलीव्ह कोणत्या तापमानाला आणि किती वेळ, आणि एमपीआय झाली की नाही, एवढं लेखी मागा. जो हे देतो त्याचा दर जास्त असला तरी तो स्वस्तच पडतो.

घरात प्रेस असली तर शेजारी एक वही ठेवा: बॅच, बाक किती, कोणत्या बाजूला. सगळ्या बॅचचा बाक कीवेच्या एकाच बाजूला येत असेल तर रोग क्वेंचिंगच्या जिगमध्ये किंवा टर्निंगमध्ये आहे. जॉब उभा टांगून क्वेंच केला, किंवा रफ टर्निंगनंतर ६०० ते ६५० अंशांना, २५ मिमी जाडीला तासभर या हिशोबाने स्ट्रेस रिलीव्ह केला, तर प्रेसवरची रांगच कमी होते.

ताब्यात घेण्याआधी

बनवणाऱ्याच्या शेडवर स्वतःचा डायल, एक ग्राइंड केलेला टेस्ट मँड्रेल (अचूक सरळ दांडा) आणि खरोखर वाकलेले चार-पाच शाफ्ट घेऊन जा. रॅम अर्ध्यावर थांबवून मोटर बंद करा, खाली डायल लावा आणि दहा मिनिटं थांबा. रॅम खाली सरकत असेल तर व्हॉल्व्ह किंवा सील गळतंय. रॅमखाली डायल लावून लिव्हरने ०.१ मिमीच्या पायऱ्या देऊन बघा. जमत नसेल तर फ्लो कंट्रोल नावापुरता आहे. जाड ठोकळ्यावर पूर्ण लोड देऊन फ्रेमचं तोंड किती उघडतं ते मोजून लिहून घ्या आणि काटकोन लावून रॅम तिरका उतरत नाही ना ते बघा. मँड्रेल सेंटरमध्ये फिरवून ०.०१ च्या आत यायला हवा. उचलून पुन्हा लावल्यावरही तोच आकडा यायला हवा.

मग आपले शाफ्ट लावा आणि आपल्याच कारागिराला दाबू द्या. बनवणाऱ्याच्या माणसाने दोन मिनिटांत सरळ करून दाखवलेला शाफ्ट बघून ऑर्डर नक्की करू नका, त्याच्या हाताला त्या लिव्हरची सवय असते. आपल्या माणसाने न उलटवता, एका बाजूनेच दाबत ०.४० चा ०.०८ वर आणला आणि घरी आणून स्ट्रेस रिलीव्हनंतरही तो ०.१० च्या आत राहिला, तर उरलेली रक्कम द्या.